खोटा ससा

सावरी खोट्या सशामागं धावेनाशी झाली, तिथून हे सगळं सुरू झालं.

सावरी ही अरुण बिराजदारची कारवानी जातीची शिकारी कुत्री. उंच पाय, आत ओढलेलं पोट, निमुळतं तोंड आणि सावरीच्या कापसासारखा फिकट रंग. त्यावरूनच नाव पडलेलं. अरुण मूळचा जत तालुक्यातला. श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होता आणि बायको इरासोबत पोरूरच्या पुढे, अय्यप्पन्तांगलला, तळमजल्यावरच्या भाड्याच्या घरात राहायचा. इराचं ऑफिस सिरुसेरीला, चेन्नईच्या पार दुसऱ्या टोकाला. घर निवडताना तिनं पाण्याची चौकशी केली, बसची केली. अरुणनं फक्त पुढचं अंगण बघितलं. पुढच्याच सुट्टीत तो गावी गेला आणि पिल्लू मांडीवर घेऊन परतला.

रविवारी सकाळी श्रीपेरुंबुदूरच्या मागच्या अंगाला, कोरड्या पडलेल्या एका तळ्यात कुत्र्यांच्या शर्यती भरत. एका टोकाला जुनी मोटारसायकल स्टँडवर उभी करून तिच्या मागच्या चाकावर दोर गुंडाळायचा. दोराच्या दुसऱ्या टोकाला चामड्याचं बोचकं. गाडीला रेस दिली की बोचकं जमिनीवरून उड्या मारत सुटायचं आणि कुत्री त्याच्यामागं. त्या बोचक्याला तिथली माणसं पोय् मुयल म्हणत, म्हणजे खोटा ससा. आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेणारा अरुण त्या तेवढ्या धावेपुरता लख्ख जागा व्हायचा. सावरी सुटली की तिचे चारही पाय एकदम जमिनीवरून उचलले जात, आणि ती पुन्हा टेकेपर्यंत याचा श्वास अडकलेला असे.

तिथंच त्याला वेलुच्चामी भेटला. पन्नाशी ओलांडलेला, विरुदुनगरकडचा माणूस. लेथचं वर्कशॉप चालवायचा आणि चिप्पिपारै जातीची शिकारी कुत्री पाळायचा. कुत्र्यांच्या मालकांच्या संघटनेचा तोच पुढारी. अरुणचं तमिळ कारखान्यात शिकलेलं, तुटकमुटक; पण वेलुच्चामीनं सावरीचा पंजा हातात घेऊन दाबून बघितला, मान डोलावली आणि अरुणला 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणाला, तेव्हापासून अरुण त्याला 'अण्णा' म्हणायला लागला. परक्या मुलखात आपलं म्हणावं असं एक माणूस झालं.

त्या वर्षी या शर्यतींवरून बराच वाद पेटला होता. सरकारनं एक समिती नेमली होती. मालकांची मागणी अशी, की पोंगलच्या सुमारास एक दिवस तरी जिवंत सशामागं कुत्री सोडायची मुभा द्यावी; तोंडाला जाळी बांधू, ससा मरू देणार नाही; बैलांच्या खेळाला परवानगी मिळाली तशी आम्हालाही मिळावी. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांची मागणी नेमकी उलटी. जिवंत ससा तर नाहीच, कायद्यानं त्याला पकडणंसुद्धा गुन्हा आहे; पण या बोचक्याच्या शर्यतीही बंद करा. कारण शर्यतीत ससा खोटा असला तरी त्यासाठी कुत्री तयार होतात ती खऱ्या सशांवर.

समितीपुढं मालकांच्या वतीनं बोलायला अरुणला निवडलं होतं. त्याचं इंग्रजी चांगलं, शिवाय कारखान्यातला इंजिनियर, म्हणजे ऐकणाऱ्यांवर वजन पडेल. अरुणला स्वतःला जिवंत सशाची ओढ नव्हती. लहानपणी गावात शिकार व्हायची, पण तेव्हा त्याला गाड्यांपाशी राखणीला ठेवत. त्यानं ससे बघितले ते पाय बांधून आणलेले, मेलेले. त्याला शर्यत वाचवायची होती. म्हणून भाषणात त्यानं जिवंत सशाची मागणी दोन ओळींत उरकली होती आणि सगळा भर एका वाक्यावर दिला होता: आमच्या संघटनेचा एकही सभासद कुत्रं तयार करताना जिवंत ससा वापरत नाही.

आणि नेमकी तेव्हाच सावरी धावायची थांबली.

पहिल्या रविवारी ती अर्ध्यात थबकली. दुसऱ्या रविवारी तिनं बोचक्याकडं बघितलंही नाही. ती तळं तिरकं कापत थेट मोटारसायकलपाशी गेली आणि बोचकं तिथंच येणार हे ठाऊक असल्यासारखी वाट बघत उभी राहिली. माणसं पोट धरून हसली. अरुणही हसला, पण घरी येताना गाडीत तो आरशातून पुन्हापुन्हा मागं बघत राहिला. सावरी मागच्या सीटवर निवांत झोपली होती.

"ती शहाणी आहे म्हणून धावत नाही," वेलुच्चामी नंतर वर्कशॉपमध्ये म्हणाला. "तिकडं काही नसतं हे तिला कळलंय. एकदा खरं काय असतं ते दाखव. मग बोचक्यामागंही जीव तोडून जाईल."

"अण्णा, समितीपुढं मी काय सांगणार आहे ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे. ते वाक्य घालायला मीच सांगितलं तुला." वेलुच्चामी हात पुसत समोर येऊन बसला. "तंबी, तुझा कारखाना उभा आहे ना, ती सगळी झुडपांची जमीन होती. मी इथं आलो तेव्हा संध्याकाळी सायकलवरून जाताना ससे आडवे जायचे. आता आहेत कुठं? कंपाउंड घातलं, डांबर ओतलं, संपले. त्यावर कुठली समिती बसली? आणि आपण एक ससा सोडला तर आपण कसाई."

खरं सांगायचं तर अरुणनं यावर उत्तर फारसं शोधलंही नाही. सावरी पुन्हा धावताना बघायची त्याला घाई झाली होती.

इराला यातलं काही सांगायचं नव्हतंच. तिला शिकार आवडत नसे, पण तिनं कधी उपदेश केला नव्हता. शर्यतींचं सुरू झालं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "बोचक्यापर्यंत ठीक आहे. त्याच्यापुढं गेलास तर मला सांगत येऊ नकोस."

समितीची बैठक गुरुवारी होती. त्याआधीच्या रविवारी पहाटे ते नेहमीच्या तळ्यावर न जाता पलीकडे, औद्योगिक वसाहतीच्या रिकाम्या प्लॉटांकडे गेले. वेलुच्चामीनं त्याचा काळा कुत्रा, करुप्पन, आणला होता. त्याच्या ओळखीचा एक माणूस पोतं घेऊन आला. पोत्यात काहीतरी निपचित होतं. उजाडायला लागलं होतं. दूर हमरस्त्यावरून कामगारांच्या बसगाड्या दिवे लावून चालल्या होत्या, आणि अरुणला उगाचच वाटलं की त्यातल्या एखाद्या खिडकीतून आपल्याला कुणीतरी ओळखेल. त्यानं टोपी खाली ओढली. कुत्र्यांच्या तोंडाला जाळ्या बांधायचं कुणी नावही काढलं नाही.

पोत्याचं तोंड उघडलं तरी ससा बाहेर येईना. त्या माणसानं पोतं उलटं करून झटकलं. ससा जमिनीवर पडला, क्षणभर कान पाठीला चिकटवून बसला आणि मग निघाला.

सावरी अशी काही धावली की अरुणनं तिला तसं कधी बघितलंच नव्हतं. ससा सरळ गेला, मग जागच्या जागी काटकोनात वळला. करुप्पन घसरत पुढं गेला, पण सावरी त्याच्यासोबत वळली. पुन्हा वळला, ती पुन्हा वळली. अरुण धावत सुटला होता. आपण मोठ्यानं ओरडतो आहोत हे त्याला उशिरा कळलं. "धर, धर गं!" असं, मराठीत, गावाकडच्या हेलात, गळ्याच्या शिरा ताणून. त्याला विलक्षण आनंद होत होता. ते नंतर त्याला नाकारता आलं नाही.

प्लॉटच्या कडेला काटेरी तारेचं कुंपण होतं. ससा खालून निसटणार तेवढ्यात सावरीनं त्याचा मागचा भाग पकडला, आणि त्याच वेगात ती तारेवर आदळली. मागून करुप्पन आला. त्यानं दुसरं टोक पकडलं.

मग ससा ओरडला.

सशाला आवाज असतो हे अरुणला माहीतच नव्हतं. बारीक, लांबलचक, एकसारखा आवाज, तो थांबेचना. वेलुच्चामी धापा टाकत आला, त्यानं सशाची मान पकडून पिळली, तेव्हा कुठं शांत झालं. करुप्पननं तोंड सोडलं. सावरीनं सोडलं नाही. तिच्या छातीपासून रक्त ठिबकत होतं, पुढचा एक पाय भलत्याच ठिकाणी वाकला होता, ती तीन पायांवर उभी होती आणि दात रोवलेले होते. अरुणला गुडघ्यावर बसून तिचा जबडा दोन्ही हातांनी उघडावा लागला. तिनं त्याच्याकडं बघितलं. शेपटी हलवली.

त्यानं तिला चादरीत गुंडाळून गाडीत घातलं. वेलुच्चामी म्हणाला, "श्रीपेरुंबुदूरलाच दाखव. तुझ्या त्या पोरूरच्या डॉक्टरबाईकडं नको." पण श्रीपेरुंबुदूरला रविवारी कोणी मिळेना, आणि सावरीच्या हिरड्या पांढऱ्या पडायला लागल्या होत्या. अरुणनं गाडी पोरूरकडं घातली.

पोरूरच्या त्या डॉक्टरबाई म्हणजे डॉ. चंद्रिका. त्यांचं घराणं तंजावरकडचं मराठी. कित्येक पिढ्या तिकडं गेलेल्या, वडील बँकेतल्या नोकरीसाठी चेन्नईला आलेले. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेलाची. 'तुम्हाला' न म्हणता 'तुम्हास' म्हणत आणि मध्येच 'सरी', म्हणजे ठीक, असं म्हणून मान हलवत. पिल्लू असताना सावरीला पहिली लस टोचायला अरुण गेला होता, आणि त्यानं कुत्रीला मराठीत दटावलेलं ऐकून बाई टेबलामागून उठून आल्या होत्या. तेव्हापासून त्या सावरीच्या डॉक्टर. आणि गुरुवारी समितीपुढं शर्यती बंद करा असं सांगायला उभ्या राहणाऱ्यांत पहिलं नाव त्यांचंच होतं. अरुणला ते ठाऊक होतं, त्यांना अरुणचं ठाऊक होतं. त्यावरून दोघं थोडी थट्टाही करत.

"कसं लागलं हिला?" त्यांनी विचारलं.

"तारेवर आदळली. फाटकाच्या."

"सरी. धरा इथं."

पाय मोडला होता, छातीवरची जखम खोल होती. भूल द्यायची म्हणजे घशात नळी घालावी लागते. चंद्रिकाबाईंनी सावरीचा जबडा उघडला, दिवा खाली ओढला, आणि त्यांचा हात थांबला. दाढांच्या फटीत मऊ, करडे, टोकाशी काळसर केस अडकलेले होते. एकदोन नव्हेत, चांगला झुपका. त्यांनी चिमट्यानं ते काढले आणि स्टीलच्या ट्रेमध्ये एका कडेला ठेवले. मग नळी घातली.

"आता तुम्ही बाहेर बसा," त्या म्हणाल्या. त्याच्याकडं न बघता.

बाहेरच्या बाकावर अरुण बराच वेळ बसून होता. कुणाची तरी मांजर पिंजऱ्यात एकसारखी ओरडत होती आणि तो दर वेळी दचकत होता. पाय जोडून, छाती शिवून सावरी बाहेर आली तेव्हा बाईंनी औषधं सांगितली, पट्टी कधी बदलायची ते सांगितलं, पायऱ्या चढू देऊ नका म्हणाल्या. बाकी काही नाही. अरुणनं दारातून आत नजर टाकली. टेबल पुसलेलं होतं. ट्रे तिथं नव्हता.

इरालाही त्यानं फाटकाच्या तारेचंच सांगितलं. त्यानंतरचे दिवस त्यानं कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. कारखान्यात रंगाच्या लाइनवरून गाड्यांचे सांगाडे पुढं सरकत आणि त्याच्या डोक्यात एकच घोळत राही. बाईंनी ते केस ठेवले असतील की टाकले असतील? ठेवले असतील तर पिशवीत घालून गुरुवारी टेबलावर मांडतील का? जेवायला बसला की उठावंसं वाटे, अंथरुणावर पडला की सावरीला बघून यावंसं वाटे. एकदा त्यानं दवाखान्यात फोन लावला आणि पलीकडून चंद्रिकाबाईंचा आवाज आल्यावर गोळी जेवणाआधी की नंतर एवढंच विचारून ठेवून दिला. वेलुच्चामीला त्यानं केसांचं सांगितलं. "डॉक्टर आहे ती," वेलुच्चामी म्हणाला. "पेशंटचं बाहेर बोलणार नाही. तू तुझं वाक्य नीट वाच म्हणजे झालं." पण वेलुच्चामीच्या आवाजातही नेहमीचा ठामपणा नव्हता.

बुधवारी संध्याकाळी इरा सिरुसेरीहून आली तेव्हा तो अंगणात सावरीपाशी जमिनीवर बसला होता. तिनं चप्पलसुद्धा काढली नाही.

"फाटक तर आपलं लाकडी आहे," ती म्हणाली. "रविवारपासून मी वाट बघतेय, तू स्वतःहून सांगशील म्हणून."

"तूच म्हणाली होतीस, सांगू नकोस."

"हो. पण आता सांग."

त्यानं सांगितलं. पोतं, तार, आवाज, केस. ओरडत धावलो तेही सांगितलं. इरा पायरीवर बसून ऐकत होती. मध्ये एकदा तिनं तोंड दुसरीकडं फिरवलं.

"उद्या विचारलं तर?" तिनं विचारलं.

"विचारतीलच असं नाही. पण ते वाक्य मला वाचायचंच आहे."

"मग वाच." ती पटकन म्हणाली. "अरुण, मला शिकारीची किळस येते. तू गेलास याचा मला राग आलाय आणि तो लवकर जाणार नाही. पण उद्या तू खोटंच बोल. वनखात्याचा माणूस तिथं बसलेला असणार. केस झाली तर नोकरीचं काय होईल? तो ससा आता काही परत येत नाही."

शर्यतींकडं कधी न फिरकलेली इरा, तिच्या तोंडून हे ऐकून त्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट तो आणखीच अस्वस्थ झाला. तिच्यासाठी खोटं बोलायचं म्हणजे खोट्यात तिलाही ओढायचं.

बैठक नंदनमच्या एका सरकारी सभागृहात होती. पंखे खडखडत होते. मधल्या टेबलाशी समितीचे लोक, अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश. बाजूला खाकी गणवेशातले वनाधिकारी. डाव्या हाताला मालक मंडळी, उजवीकडं संस्थांची माणसं. वेलुच्चामी पांढरीशुभ्र वेष्टी नेसून अरुणच्या मागच्या खुर्चीवर बसला होता. चंद्रिकाबाई पलीकडं, मांडीवर मोठी कापडी पिशवी. अरुणची नजर त्या पिशवीवरून हलेना.

बाई आधी बोलल्या. सशाचं हृदय भीतीनंच कसं बंद पडतं ते त्यांनी सांगितलं. तोंडाला जाळी बांधली तरी पंजांनी त्याचा कणा मोडतो, म्हणाल्या. "कारखान्यांनी आणि रस्त्यांनी सशांची जागा घेतली हे खरं आहे. मालक लोक हे म्हणतात ते बरोबरच आहे. पण जागा गेली म्हणून उरलेल्या जिवाला खेळणं करा, हे मला पटत नाही." मग एका सदस्यानं विचारलं की खऱ्या सशांवर कुत्री तयार करतात याचा काही पुरावा तुमच्यापाशी आहे का. बाईंनी पिशवीच्या बंदावर हात ठेवला.

"माझ्या टेबलावर येणाऱ्या जनावरांविषयी मी इथं बोलणार नाही," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

अरुणचं नाव पुकारलं. तो उठला. सुरुवात झकास झाली. जातिवंत कुत्र्यांचा इतिहास, काम नाही राहिलं तर या जाती कशा नाहीशा होतील, गरीब शेतकरी पोटाला चिमटा काढून कुत्रं कसं पोसतो. मागून वेलुच्चामीचा संथ श्वास ऐकू येत होता. मग ते वाक्य आलं. आमच्या संघटनेचा एकही सभासद. एवढं तो वाचून गेला आणि पुढचे शब्द डोळ्यांना दिसत असून तोंडातून निघेनात. त्यानं पाणी मागितलं. प्यायला. पुन्हा वाक्याच्या सुरुवातीला गेला. पुन्हा तिथंच अडला.

"काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"हे वाक्य मला वाचता येत नाही, सर."

"अक्षर लागत नाही का?"

"अक्षर माझंच आहे." अरुण म्हणाला. "वाक्य खरं नाही. माझी कुत्री बोचक्यामागं धावत नव्हती, म्हणून मी रविवारी तिला जिवंत सशावर सोडलं. ससा मेला. माझ्यासमोर."

सभागृहात एकदम गलका झाला. वनाधिकाऱ्यांनी पेन काढलं. अध्यक्षांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, "बरोबर आणखी कोण होतं?"

"कुत्री माझी होती. मी माझ्यापुरतं बोलतोय."

"आणि इतर सभासद?"

"मी माझ्यापुरतं बोलतोय, सर."

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वेलुच्चामी उठला होता. तो घाईनं गेला नाही. वेष्टीचा काठ सावरत, रांगेतल्या माणसांची माफी मागत, सावकाश बाहेर पडला. त्याच्यामागून बाकीचे मालक. अरुण तिथंच उभा राहिला. आपण बसावं की जावं हे त्याला कुणी सांगितलं नाही.

पुढं व्हायचं ते झालं. वनखात्यानं त्याचा जबाब घेतला. नावं विचारली, पुन्हा विचारली, त्यानं दिली नाहीत. गुन्हा दाखल झाला. ती केस अजून उभी आहे, तारीख पडते आणि तो रजा टाकून जातो. कारखान्यात त्याला बोलावून घेतलं, समज दिली आणि बढतीची जी बोलणी चालली होती ती तिथंच थांबली. इरा बरेच दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. एका सकाळी मात्र तिनं आपण होऊन सावरीची पट्टी बदलली आणि त्याच्यापुढं कॉफी ठेवत म्हणाली, "मी सांगितलेलं तू ऐकलं नाहीस, ते बरंच झालं असेल. मला अजून नक्की कळत नाही."

समितीचा अहवाल आला. जिवंत सशाची मागणी फेटाळली होतीच. नियम होईपर्यंत बोचक्याच्या शर्यतीही बंद केल्या. अहवालात एका ओळीत लिहिलं होतं, की खुद्द मालकांच्या प्रतिनिधीनं कबुली दिल्यामुळं दुसरा मार्ग उरला नाही. अरुणनं ती ओळ परत परत वाचली. जे वाचवायला तो गेला होता ते त्याच्याच तोंडानं गेलं.

वेलुच्चामीकडं तो एकदा गेला. वर्कशॉपमध्ये लेथ चालू होतं, ते वेलुच्चामीनं बंद केलं नाही. त्या आवाजावर आवाज चढवत तो बोलला. "तू माझं नाव घेतलं नाहीस. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण यापुढं काय होईल ते ऐक. कुत्री तीच, ससे तेच. फक्त उजेडात होतं ते अंधारात जाईल, आणि तिथं तुझ्या डॉक्टरबाईला कुणी बोलावणार नाही." अरुणनं त्याला जुन्या सवयीनं अण्णा म्हणून हाक मारली. वेलुच्चामीनं उत्तरादाखल तंबी म्हटलं नाही.

अंधारात काय गेलं ते अरुणला कळलं नाही. पण रस्त्यावर काय आलं ते दिसू लागलं. शर्यती नाहीत तर खाणारं तोंड कशाला पोसायचं म्हणून काही मालकांनी कुत्री सोडून दिली. हमरस्त्याच्या कडेला, पूनमल्लीच्या बाजारात, उंच पायांची हाडकुळी जनावरं गाड्यांना बिचकत हिंडताना दिसायची. काही चंद्रिकाबाईंच्या दवाखान्यात येऊन पोचली. एका रविवारी बाईंचा फोन आला.

"तुम्हास वेळ आहे का? माझ्याकडं ही लांब पायांची मंडळी फार झाली. माझ्या दवाखान्यातल्या पोरींना ती आवरत नाहीत."

अरुण गेला. दवाखान्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुत्री बांधलेली होती. त्याला बघून सगळी एकदम उभी राहिली. बाई थकलेल्या दिसत होत्या.

"आम्ही जिंकलो म्हणतात," त्या कुत्र्यांकडं बघत म्हणाल्या. "या जिंकण्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही."

अरुणला जे इतके दिवस विचारायचं होतं ते त्यानं विचारलं. "त्या दिवशी ते केस तुमच्या पिशवीत होते?"

"होते."

"मी ते वाक्य वाचलं असतं तर?"

चंद्रिकाबाई एका कुत्र्याच्या गळ्याचा पट्टा सैल करत होत्या. "मज ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "त्या रविवारपासून मी हाच विचार करत होते. पेशंटचं बाहेर काढायचं नाही, हा माझा नियम. पण त्या सशाकडून कोण बोलणार, असंही वाटे. तुम्ही पाणी मागितलंत तेव्हा माझा हात पिशवीत गेला होता. काढला असता की नसता, खरंच ठाऊक नाही. तुम्ही मज त्यातून सोडवलंत, आणि त्याचाही मज थोडा राग आहे."

आपल्यासारखीच ही बाईही त्या आठवड्यात झोपली नसेल, हे अरुणला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यामुळं बरं वाटलं की वाईट, सांगता येणार नाही.

"या दोघांना फिरवून आणा," बाई म्हणाल्या आणि दोर त्याच्या हातात दिले. "काळी गरीब आहे. हा दुसरा एकदम झटका देतो, घट्ट धरा."

त्यानं दोर मनगटाला गुंडाळले आणि फाटकाबाहेर पडला. गल्ली संपून पोरूरच्या तळ्याकडचा मोकळा रस्ता लागला, तसे दोघांचे कान उभे राहिले आणि ती त्याला ओढायला लागली. आधी तो टाचा रोवून मागं ओढत राहिला. मग चालणं वाढवलं, आणि थोड्या वेळानं तो त्यांच्याबरोबर, दोर न सोडता, धावू लागला.